मेन स्विच

मार्तंड बर्व्यांनी दुकानातला फ्रीज उघडला आणि आतून गरम, आंबूस वास आला. आतला दिवा लागला नाही. प्लग जागेवर होता. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मेन स्विच खाली होता, आणि तो त्यांनीच पाडला होता.

तीन दिवस ते जवळच्या मोठ गावी भाचीच्या लग्नाला गेले होते. निघताना पंखे, ट्यूबलाइट, लस्सीचं मशीन, सगळं एका झटक्यात बंद केलं आणि मोठ्या समाधानाने कुलूप लावलं. एरवी दुकान बंद करायची ती अनुसूया. पस्तीस वर्षं ती एकेक बटण बंद करी, आणि हे बाहेर उभे राहून "आटप, आटप" म्हणत. मेन स्विच का पाडत नाहीस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जानेवारीत अनुसूया गेली. आता मे महिना होता, आणि मे महिन्यातली झाशी म्हणजे भट्टीच.

पाच किलो चक्का फुकट गेला, त्याचं एवढं नाही. पण खालच्या कप्प्यात चिनी मातीचा लहान सट होता आणि त्यात विरजण होतं. अनुसूया लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. रोजच्या दह्यातलं थोडं बाजूला काढायचं, त्यावर उद्याचं दही लावायचं. ती गेल्यावरही मार्तंडांनी खंड पडू दिला नव्हता. आज सटात हिरवी बुरशी होती.

"बाबा, दही कुठे पण मिळतं," त्यांची मुलगी बकुळ म्हणाली. "मी आणते ना."

"दही मिळतं गं. तिचं कुठून आणशील?"

त्यांनी स्टुलावर चढून श्रीखंडाची पाटी उतरवली. यापुढे दुकानात बाटल्यांतली थंड पेयं तेवढी ठेवायची, असं ठरवून टाकलं.

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून रामकली डोकावल्या. "काय पंडितजी, बोर्ड काहे उतार लओ? दुकान बेच दई का?"

मार्तंडांनी सगळं सांगितलं. रामकलींनी ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मार्तंडांना रागच आला. माणसाने हसावं तरी कशावर!

रामकली घरी गेल्या आणि विरजणाला वाटीभर दही घेऊन आल्या. "लो. जामन."

"आपका है, रामकलीजी. उनका तो नहीं है ना."

"काहे नहीं? हर गरमी में हमई से तो ले जाती थीं. कभी रात भर बत्ती गुल, कभी दही खट्टा, कभी तुमईं सब चाट गए. भाभी चुपके से कटोरी लेके आ जातीं."

मार्तंडांनी वाटी हातात घेतली. "मुझे तो कभी बताया नहीं."

"कहती थीं, इन्हें मत बताना. ये दही की तेरहवीं कर डालेंगे."

दह्याचं तेरावं! बकुळ खुदकन हसली. मग घाबरून तिने बापाकडे पाहिलं.

"और आपका कहाँ का है?" मार्तंडांनी हळूच विचारलं.

"हमारा बिगड़ जाए तो हम उनसे ले आते थे. अब किसका कौन सा है, भगवान जाने."

मार्तंड स्टुलावर बसले आणि हसू लागले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसले. मग उठून त्यांनी मेन स्विच वर केला. फ्रीज घरघरला. बकुळने दूध तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दही छान लागलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीखंडाची पाटी पुन्हा वर गेली. अनुसूयाने रामकलींना आणखी काय काय सांगू नको म्हणून बजावलं होतं, ते मात्र मार्तंडांनी अजून विचारलेलं नाही.