टेलरमास्तरांचा कप

"मास्तर, पहिले तुम्हीच!" मोटार रॅलीच्या शेवटच्या चौकीवरच्या बाईंनी कार्डावर शिक्का मारला.

टेलरमास्तरांचा विश्वासच बसेना. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. रस्ता मोकळा. डेंटिस्ट मेहुण्याच्या नव्याकोऱ्या गाडीचा मागमूस नाही. दरवर्षी रॅलीचा कप तोच उचलायचा, आणि वर पाठीवर थाप मारून म्हणायचा, "भावजी, तुम्ही आपलं शिलाई मशीनच चालवा!"

"बाबा, उजवीकडे वळलं की मैदान," शेजारी नकाशा धरून बसलेली लेक म्हणाली. "कप आपला! मला मामाचं तोंड बघायचंय."

मास्तर खुशीत गुणगुणायला लागले. आयुष्यात त्यांना बक्षीस म्हणून काही मिळालंच नव्हतं. दुकानातलं एक फडताळ त्यांनी कपासाठी आधीच रिकामं करून ठेवलं होतं. भाबडा माणूस, दुसरं काय!

"अहो," मागून बायको म्हणाली, "डावीकडे घ्या."

"डावीकडे? अगं, तिकडे धरण आहे!"

"माहितीये मला."

बायको दवाखान्यात नर्स. रॅली होती ती दवाखान्याच्या नव्या अँब्युलन्ससाठी. जुनी गाडी मध्यंतरी पेशंटसकट चढावर बंद पडली, तेव्हा हिनेच खाली उतरून ती ढकलली होती. पेशंट वाचला, पण हिची झोप उडाली ती उडालीच.

"फर्निचरवाले काका किलोमीटरमागे पैसे देणार आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक गाडीचं मीटर बघून. सकाळी सगळ्यांसमोर शब्द दिलाय त्यांनी."

दिला होता खरा. काका गडगंज, पण हात भलताच आखडता. टाळ्या घेऊन झाल्यावर त्यांनी रॅलीचा रस्ता स्वतः आखून दिला, आणि तो चांगला आखूड ठेवला. बेरकी म्हातारा!

"पाचच्या आत मैदानात शिरलं म्हणजे झालं," बायको म्हणाली. "कुठून फिरून यायचं, यावर काही बंधन नाही."

"आणि कप?"

लेकीने नकाशाची घडी घातली आणि बापाकडे बघत राहिली.

मास्तरांना वाईट वाटलं. अगदी रडू फुटेल इतकं वाईट वाटलं. एक दिवस, फक्त एक दिवस मेहुण्याच्या पुढे जायला मिळत होतं, आणि तोही सोडायचा! त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा आरशातून बायकोकडे पाहिलं.

"गेला खड्ड्यात तो कप!" म्हणत त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

मग काय विचारता! धरणाला वळसा झाला, टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर झाला, पार वीटभट्टीपर्यंत जाऊन परत येणं झालं. तळ्याला तर विनाकारण दोन फेऱ्या मारल्या. लेक मीटरकडे बघून ओरडत होती, "अजून, बाबा, अजून!" गाडी धापा टाकत होती आणि मास्तर खदाखदा हसत होते. बायकोने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो काढलाच नाही.

पाच वाजत आले तशी त्यांनी गाडी मैदानाकडे वळवली.

"आता मामा टोमणे मारणार," लेक म्हणाली.

"मारू दे की. अँब्युलन्सचं एखादं चाक तरी आपलं असेल!" मास्तरांनी कॉलर ताठ केली आणि हॉर्न वाजवत गाडी आत घातली.

मैदान रिकामं होतं. मांडवात काका एकटेच बसले होते. पुढ्यात कप, कानाला फोन. गाडी दिसताच ते धावत आले.

"मास्तर, पहिले आलात! घ्या तो कप," ते घाम पुसत म्हणाले. "पण बाकीच्यांना झालंय तरी काय? तुमच्या मेहुण्यापासून ज्याला फोन करावा तो हसतो आणि एकच सांगतो, 'काका, रस्ता चुकलोय!'"