सहाव्या खुर्चीची परीक्षा

"आई, हात नका लावू! चारशे व्होल्ट असतात त्यात!"

चष्मेवाला जावई ओरडला तशा सासूबाई थांबल्या. उजव्या हातात फडकं, डावा हात पाठीशी. ही त्यांची जुनी खोड. घरातला मिक्सर लावतानाही त्या अशाच उभ्या राहायच्या, आणि जावई म्हणायचा, "आल्या बघा इन्स्पेक्टर!"

टेबलावर, खालचा पत्रा काढून, व्हॉल्व्हचा, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचा, जुना ॲम्प्लिफायर आडवा ठेवला होता.

"बंद आहे ना पण?" सासूबाई म्हणाल्या.

"बंद असला तरी आत करंट साठून राहतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

"आमच्या कारखान्यात..."

"नंतर हं, आई."

सासूबाईंचं दर दुसरं वाक्य 'आमच्या कारखान्यात'नं सुरू व्हायचं आणि या घरात त्याच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. कारखाना कसला होता, हेसुद्धा जावयानं कधी विचारलं नव्हतं.

ॲम्प्लिफायर घरात येऊन आठच दिवस झाले होते आणि आठही दिवस चष्मेवाला हवेत होता. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, घरी आलं की चपलाही न काढता बटण दाबायचं. चार व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी व्हायचे, तबकडीवर सुई टेकायची, आणि गाणारी बाई जणू याच खोलीत येऊन बसायची. पहिल्या दिवशी तर त्याचे डोळे भरून आले.

"ऐक गं, ऐक! ती श्वास घेतेय!"

"मीही घेतेय," बायको म्हणाली. "पण माझं कोण ऐकतंय?"

आज पाच वाजता मंडळ येणार होतं. गावातल्या तबकड्या ऐकणाऱ्या अट्टल लोकांचं मंडळ. खुर्च्या सहाच. त्यातली एक रिकामी व्हायची वाट बघण्यात चष्मेवाल्याची तीन वर्षं गेली होती, आणि आता कुठे ती झाली होती. परीक्षा एकच असायची: तबकडी न लावता आवाज पूर्ण वाढवायचा आणि सगळ्यांनी मिनिटभर कान देऊन बसायचं. बारीकशी घरघर आली की नापास, आणि पुन्हा संधी नाही.

म्हणून तर आज सकाळपासून त्यानं सेट आतून चकाचक करायला घेतला होता. आत जिकडेतिकडे स्क्रूंवर लाल ठिपके होते.

"आधीच्या मालकाच्या पोरांनी रंग सांडलाय. काय एकेक लोक असतात!"

सगळ्यात मोठा ठिपका एका जाड तारेच्या स्क्रूवर होता. तो त्यानं स्पिरिटनं घासघासून काढला, स्क्रू सोडवून त्याखालची जागाही पुसली, आणि स्क्रू बोटांनीच फिरवून परत बसवला. बाकीचे ठिपके राहू दिले. जेवायची वेळ झाली होती.

चार वाजता त्यानं सहज म्हणून आवाज पूर्ण वाढवून पाहिला.

घुंऽऽऽ.

चष्मेवाला सेटवर झुकला. व्हॉल्व्ह हलवून पाहिले, वायरी काढून घातल्या. घुं काही जाईना.

"व्हॉल्व्ह गेला! मेलो! मेकॅनिककडून दुसरा आणतो!" त्यानं सेट बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

"अहो, मी काय म्हणते..." सासूबाई मागून म्हणाल्या.

"आल्यावर, आई!" तो जिन्यावरून ओरडला.

मेकॅनिकला झोपेतून उठवण्यातच अर्धा तास गेला. व्हॉल्व्ह खिशात घालून तो धापा टाकत घरी पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. पाचही जण बसलेले. सेट सरळ उभा, व्हॉल्व्ह पेटलेले, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मंडळाचे अध्यक्ष डोळे मिटून बसले होते.

संपलं, असं म्हणत तो दारातच थिजला.

पण खोलीत आवाजच नव्हता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. कुणाचं तरी पोट गुरगुरलं.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "वा! काय शांतता आहे हो! अभिनंदन!"

चष्मेवाल्याला नाचावंसं वाटलं. रुसला होता पठ्ठ्या, आला ठिकाणावर! खिशातल्या व्हॉल्व्हची आठवणही त्याला राहिली नाही. तेवढ्यात बायकोनं बाही ओढली. तिची तीन नखं लाल होती, बाकीची कोरी.

"अहो, माझं नेलपॉलिश पाहिलंत? आत्ता इथं होतं."

"अगं, ही काय वेळ आहे?"

अध्यक्षांनी सेट बंद केला, थोडं थांबले आणि तो आडवा केला. "पोट बघू दे याचं." आत डोकावताना त्यांनी डावा हात पाठीशी नेला. "जुनी सवय. एकच हात आत घालायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही."

मग ते एकदम ओरडले, "अरे देवा! लाल ठिपके!"

चौघेही धावले.

"हा सेट कुणाच्या हातचा आहे माहितीये? तो कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली. तिथं शेवटच्या टेबलावर एक कामगार होता. प्रत्येक स्क्रू स्वतः आवळायचा आणि त्यावर लाल ठिपका द्यायचा. त्याचा सेट कधी घुमायचा नाही. आम्ही वीस वर्षं त्या माणसाचा पत्ता शोधतोय हो! आणि हा बघा, मुख्य अर्थिंगचा स्क्रू. सगळ्यात मोठा ठिपका. चाळीस वर्षांनी काय चकाकतोय!"

चष्मेवाला पुढे वाकला. तो ठिपका त्यानं सकाळी स्वतःच्या हातानं घासून काढला होता.

अध्यक्षांनी बोट पुढे केलं.

"हात नका लावू हो," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. "ओला आहे अजून. आमच्या कारखान्यात वाळायला चांगला अर्धा तास देत होते मी."