हवा लागू नये म्हणून

परळच्या प्रयोगशाळेत हर्षवर्धनने जिवाणूंच्या उबवणीचं कपाट उघडलं. सुट्टीत कपाटाचं तापमान भडकलं होतं. बाटल्यांची रबरी बुचं तडकली होती. आत हवा शिरली की द्रावण गुलाबी होतं, आणि जवळजवळ सगळ्या बाटल्या गुलाबी झाल्या होत्या. कोपऱ्यातली एकच अजून नितळ होती. तिच्याही बुचाला चीर गेलेली.

बूच बदलायला दोन माणसं लागतात. इमारतीत कुणीच नव्हतं. त्याने लोअर परळला, चाळीतल्या घरी फोन लावला. त्याची आई, कौसल्याबाई, गॅस बंद करून होती तशी टॅक्सीने आली.

"आई, ही नळी बाटलीच्या तोंडाशी धर. हलवू नकोस. आत हवा गेली तर मरतील."

"कोण मरतील?"

"जिवाणू. कोकणातल्या गरम झऱ्यातले."

"हवेनं मरतात? मग जगतात कशावर रे?"

"हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर. पृथ्वीवर प्राणवायू नव्हता, तेव्हा पहिल्या पेशी बहुधा अशाच जगत होत्या. खडकांतून निघणाऱ्या वायूंवर."

"मग जाऊन दुसरे आण."

"झरा बुजवला गं. वर सिमेंट ओतलंय." त्याने नितळ बाटली टेबलावर ठेवली. "हे एवढेच उरलेत."

तिने नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

त्याने तडकलेलं बूच उपटलं. नळीतून कार्बन डायऑक्साइड सूं सूं करत येत होता, बाटलीच्या तोंडाशी हवा येऊ देत नव्हता. तो नवं बूच उचलतोय तोच आवाज मंदावला, मग थांबला. सिलिंडर संपला होता. बूच त्याच्या बोटांतून निसटलं आणि टेबलाखाली गेलं.

"हर्षा, नळीतून काही येत नाही!"

"बाटलीचं तोंड हाताने झाक! झाक आई!"

तिने तळहात बाटलीवर दाबला. तो पालथा पडून चाचपडत राहिला. बूच सापडलं, त्याने ते पुसलं आणि तिचा हात बाजूला सारून बाटलीत दाबून बसवलं. मग दोघं बघत राहिले. द्रावण नितळ होतं. जरा वेळाने वरच्या बाजूला फिकट गुलाबी रेघ उमटली आणि हळूहळू खाली उतरू लागली.

हर्षवर्धन फरशीवर बसला.

कौसल्याबाई अजून बाटलीजवळच उभी होती. पदर नाकातोंडावर गच्च दाबलेला, चेहरा लालबुंद.

"आई," तो म्हणाला, "श्वास घे."