शेवटची आंघोळ

"घरात माणसं किती, दादा?" दुकानदार महेंद्रनं विचारलं.

रंभाजी बोटं मोजू लागला. "अण्णा, आई, मी, दोघं पोरं. पाच."

शेजारच्या स्टुलावर त्याची बायको पुष्पावती बसली होती. पहाटे पाणी तापवायच्या बंबात तुराट्या कोंबता कोंबता धुरानं सुजलेले डोळे उघडे ठेवणंही तिच्या जिवावर आलं होतं. बेलापूरच्या या गिझरच्या दुकानापर्यंत नवऱ्याला आणण्यातच तिची निम्मी ताकद सरली होती. आज बंब सुटला नाही तर मरेपर्यंत सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

महेंद्रनं एकेक वस्तू दाखवली. करंटवरचा गिझर रंभाजीनं लगेच बाद केला. सकाळी लाईटच नसते. गॅसचाही नको, महिन्याची टाकी आठवड्यात उडेल. "बंबाच्या पान्याची सर कशालाच न्हाई बगा," असं वर ऐकवलं. गडी जन्मात कधी बंबापुढं बसला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

"मग सोलर घ्या. पण आधी सांगा, सकाळी कोणामागं कोण आंघोळ करतं? शेवटच्याला गार पाणी यायला नको."

"पयले अण्णा. मंग आई, मी, पोरं."

"आणि वहिनी?"

रंभाजीनं बायकोकडं पाहिलं. "तू कवा करती गं?"

पुष्पावतीला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. रागावायलासुद्धा अंगात जीव लागतो. तिनं महेंद्रलाच विचारलं, "ह्यातलं पानी लई गरम कवा असतंय?"

"दिवस मावळताना. दिवसभराचं ऊन खाल्लेलं असतं ना."

"म्हंजे रानातनं आल्या आल्या घावंल?"

"कडक घावंल."

"मंग ह्योच द्या."

"आगं, सांच्याला आंघोळ कोन करतंय?" रंभाजी म्हणाला.

"मी."

"आन् सकाळी आमाला कमी पडलं म्हंजे?"

ती गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली.

"बंब हाय की घरात. तुमी पेटवा. मला उठवू नका."