नागपंचमीचा जबाब

“पुंजारामनं शब्द फिरवलाय,” कचेरीतल्या कारकुनाने साळूबाईसमोर कागदावर बोट ठेवले. खून मीच केला, गोटीराम तिथे नव्हताच, हा पहिला जबाब त्याने सरकारी चौकशीत नाकारला होता. म्हणजे साळूबाईच्या नवऱ्याची, गोटीरामची, जन्मठेप कायम.

साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खून गावच्या सरपंचाचा, पाप एकट्या पुंजारामचे, शिक्षा दोघा भावांना. आणि त्याच पुंजारामने आईच्या दहाव्याला रामकुंडावर तिच्यादेखत शब्द दिला होता. पोलिसांनी त्याला तेवढ्यापुरते बेड्या घालून तुरुंगातून आणले होते. पिंडाला तासभर कावळा शिवेना. म्हातारीचा जीव कशात अडकलाय, हे सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी पुंजारामने हात जोडले. “आई, कुणीबी विचारू दे, खरं तेच सांगीन. गोटीरामला सोडवीन.” लगेच कावळा शिवला. साळूबाई तेव्हा ढसाढसा रडली होती.

आता मेलेल्या आईलाही फसवले या मेल्याने. तिने मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

पण कारकुनाला कागद आवरायची भारी घाई होती. सारखा साहेबांच्या दाराकडे बघत होता. तिला ते खटकले. जबाब कधी घेतला, असे तिने विचारले.

पंचवीस जुलै, दुपारी बारा वाजता, नाशिकच्या तुरुंगात.

साळूबाईला तारखा कळत नसत, सण कळत. त्या दिवशी कोणता सण होता, ते तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायला लावले. नागपंचमी निघाली. दहावाही नागपंचमीलाच आला होता, म्हणून तिने त्या दिवशी चुलीवर तवा ठेवला नव्हता. उकडलेली दिंडं फडक्यात बांधून तिने रामकुंड गाठले होते. मनातल्या सगळ्या शिव्या तिने परत घेतल्या.

“त्या दुपारी बारा वाजता पुंजाराम तुरुंगात नव्हताच, आईच्या दहाव्याला रामकुंडावर व्हता.”

कारकून हसला. साक्षीला काय कावळा आणणार, म्हणाला.

“विधी झाला की गुरुजी वहीत नाव लिहून घेतात. आजा-पणज्यापासनं. तिथं पुंजारामची सही हाय, तारखेसकट.”

कारकुनाचे हसू मावळले. तो आत जाऊन आला. साहेबांनी तिच्यासाठी चहा सांगितला होता. ती वही आणून द्या, इथे कपाटात सुखरूप राहील, असा निरोपही होता.

साळूबाई चहाला न शिवता उठली.

“वही गुरुजींकडंच बरी. तुमच्याकडं माणूस जाग्यावर नसला तरी जबाब देतो, मग वहीचं काय सांगावं?”