मास्तरांचा हात

"बाई, विमानाच्या नाकाकडे बघू नका. धावपट्टीची कड बघा," मागच्या सीटवरून मास्तर म्हणाले.

शिंपीणबाईंनी कड बघितली. चाकं टेकली आणि शेपूट लगेच डावीकडे सरकायला लागलं. त्यांनी पाय दाबला, दांडा पोटाशी ओढला. विमान दोनदा डुललं आणि गुमान सरळ धावत थांबलं.

"परत तुम्हीच सावरलंत," बाई हिरमुसून म्हणाल्या.

"मी? माझे गुडघे धरलेत. मगापासून पाय आखडून बसलोय."

"पाय आखडले असतील. हाताचं काय?"

"चला, अजून एकदा," मास्तर हसून म्हणाले.

वर्षापूर्वी बाई इथं आल्या त्या या विमानाच्या पंखांचं कापड शिवायला. शिवता शिवता जीव जडला आणि एक्कावन्नाव्या वर्षी त्या शिकायला बसल्या. लेक म्हणाली, "आई, गिऱ्हाइकाचा ब्लाऊज आधी दे, मग काय उडायचं ते उड."

शेपटीला चाक असलेलं हे विमान उडायला गुणी, उतरायला महाखट्याळ. जरा लक्ष चुकलं की शेपूटच पुढं पळायला बघतं. सीटा एकीमागे एक, प्रत्येकीसमोर एक दांडा, आणि एक हलवला की दुसराही हलतो. दांडे उपसून काढून दोन्ही मुठींना लाल चामडं बाईंनीच शिवलेलं. पुढच्या मुठीला पांढरा दोरा, तो संपला म्हणून मागच्या मुठीला पिवळा.

उद्यापासून मास्तर निवृत्त. आज त्यांनी एकटीला उडायला सोडलं तर सोडलं, नाहीतर नव्या मास्तरांकडे पुन्हा श्रीगणेशा. तेवढा धीर बाईंना नव्हता. आज नाही जमलं तर आपलं शिवणयंत्र बरं, असं त्या घरी सांगून आल्या होत्या.

त्यात सकाळी उशीर झाला. त्या पोचल्या तेव्हा मास्तर मांडीवर कोट पसरून मागे बसलेलेही होते. विमानाचा मिस्त्री शेडच्या खिडकीचं झाप वर करून त्याला कसल्याशा नळीचा टेकू देत होता. "या, घोडामैदान जवळच आहे," तो म्हणाला. बाई घाईनं पुढे चढल्या.

दुसऱ्या वेळी विमान जरा उडी मारून टेकलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात आपोआप चालले. तिसऱ्या वेळी तर तिन्ही चाकं एकदम टेकली, इतकी अलगद की बाईंना हसूच आलं. त्यांना फार फार आनंद झाला. मग मास्तरांचा हात आठवला आणि आनंद अर्धा झाला.

शेडपाशी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं.

"आता एक चक्कर एकटीनं मारा," मास्तर म्हणाले.

"नाही हो. तुमचा हात मागे आहे म्हणून माझं निभावतं. तो नसला की मी आडवी."

"बरं. मग एक काम करा. शेडची खिडकी लावून या, धूळ आत जातेय."

बाई उतरल्या. एवढा मोठा दिवस आणि यांना खिडकीची पडलीय, असं पुटपुटत त्यांनी एका हातानं झाप पेललं आणि दुसऱ्या हातानं टेकू ओढला.

टेकूच्या वरच्या टोकाला लाल चामड्याची मूठ होती, पिवळ्या दोऱ्यानं शिवलेली.