सुटकेच्या कागदावरची सही

जोलीन म्हणजे मुलाच्या गाडीतल्या सीटचा पट्टा तीनतीनदा ओढून बघणारी बाई. त्यामुळे व्हिएतनाममध्ये गोळी लागल्याचं आजोबांचं पदक त्यांच्या अमेरिकी लष्करातून सेवामुक्तीच्या कागदावर नाहीच, हे कळल्यावर तिचं डोकंच फिरलं. ते पदक आपल्या थडग्याच्या दगडावर कोरलं जावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

"आजोबा, सही करण्याआधी वाचायचं तरी!"

"अगं, कारकून म्हणाला, दुरुस्ती हवी तर सोमवारपर्यंत थांब. आणि बाहेर घरी, ओमाहाला जाणारी बस उभी! घर सोडून कागद कोण वाचत बसतंय?"

"कमाल आहे बाई तुमची!"

दीड वर्ष अर्ज, इस्पितळाचे जुने कागद आणि पलटणीतल्या सोबत्याची साक्ष गोळा करून तिने नोंद दुरुस्त करून आणली. आजोबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"आता तुझा कागद आण बघू. तूही लष्करातून सुटलीस त्याला सहा वर्षं झाली की."

"माझा बरोबरच असणार," म्हणत तिने तो कपाटातून काढला आणि पहिल्यांदाच वाचला.



अफगाणिस्तानात तिने काढलेलं अख्खं वर्ष गायब होतं, आणि खाली घाईघाईतली सही तिचीच होती.